प्रारण आणि कर्करोगपेशींचा टिकाव : गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :

अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे गाव म्हाइंभटांच्या 'लीळाचरित्रा'मुळे मराठी गद्याच्या प्रारंभाशी जोडले गेले आहे. मराठी भाषा विद्यापीठही आता याच गावी स्थापन झाले आहे. ज्ञान लोकांच्या बोलीत सांगितले पाहिजे, हा महानुभाव पंथीयांचा आग्रह या भूमीत रुजला. विज्ञानाच्या बाबतीत मात्र तो आग्रह आपण फारसा पाळलेला नाही. याचे एक साधे उदाहरण म्हणजे कर्करोगावरील किरणोपचार. वऱ्हाडातील रुग्ण व त्याचे नातेवाईक या उपचारास 'लाइट घेणे' अथवा 'शेक घेणे' असे म्हणतात. 'शेक' या शब्दात उष्णतेची कल्पना आहे, आणि किरणांच्या उष्णतेने गाठ जळून जाते असाच समज त्यामागे असतो. सुशिक्षितांचा, किंबहुना विज्ञानेतर शाखांतील अनेक प्राध्यापकांचा समजही याहून फारसा वेगळा नसतो.

हा समज निरुपद्रवी नाही. गाठ जळून जात असेल तर चार शेक आज घेतले काय आणि उरलेले पेरणी आटोपल्यावर घेतले काय, फरक पडू नये. प्रत्यक्षात तो पडतो आणि काही वेळा तो प्राणघातक ठरतो. असे का होते, हे कर्करोगपेशी प्रारणानंतर कशा मरतात व कशा टिकून राहतात हे पाहिल्याशिवाय कळत नाही. प्रस्तुत लेखात त्याचेच विवेचन करावयाचे असून, उदाहरणासाठी गर्भाशयमुखाचा कर्करोग निवडला आहे. भारतीय स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाखालोखाल हा रोग आढळतो. त्याच्या वाढलेल्या अवस्थेत किरणोपचार हाच मुख्य उपचार असतो, आणि या विषयावरील काही महत्त्वाचे संशोधन महाराष्ट्रातच झालेले आहे.

उष्णता नव्हे, आघात :

प्रारणाची मात्रा 'ग्रे' या एककात मोजतात. एक किलोग्रॅम ऊतीमध्ये एक जूल ऊर्जा शोषली गेली म्हणजे मात्रा एक ग्रे झाली. किरणोपचाराच्या एका दिवसाची नेहमीची मात्रा २ ग्रे असते. एवढ्या ऊर्जेने ऊतीचे तापमान जेमतेम अर्धा सहस्रांश अंश सेल्सिअस वाढते. सत्तर किलो वजनाच्या माणसाच्या सर्व शरीरास एकदम ४ ग्रे प्रारण मिळाले आणि वैद्यकीय मदत मिळाली नाही, तर त्याचा मृत्यू ओढवण्याची शक्यता सुमारे निम्मी असते. तरीही त्या प्रारणातील एकूण ऊर्जा २८० जूल, म्हणजे गरम चहाच्या एका लहानशा घोटात असते तेवढीच भरते. तेव्हा ऊर्जा किती आहे यापेक्षा ती कोठे व कशी पडते, हे येथे महत्त्वाचे असते.

क्ष-किरण वा गॅमा किरण पेशीतून जाताना अणूंमधील इलेक्ट्रॉन बाहेर फेकले जातात. पेशीचा बहुतांश भाग पाण्याचा असल्यामुळे या आघाताने पाण्याचे रेणू फुटून हायड्रॉक्सिल मूलके तयार होतात. ती अत्यंत अल्पायुषी, पण तेवढीच आक्रमक असतात. क्ष-किरण व गॅमा किरणांमुळे होणारी सुमारे दोन-तृतीयांश हानी या मूलकांच्या मार्फत होते, तर उरलेली किरणांपासून निघालेल्या इलेक्ट्रॉनांच्या थेट आघाताने होते. लक्ष्य मात्र दोन्हींचे एकच, ते म्हणजे पेशीकेंद्रातील डीएनए.

एक ग्रे मात्रेने एका पेशीतील डीएनएच्या एकेरी धाग्यात सुमारे एक हजार तुटी होतात, तर दोन्ही धागे एकाच ठिकाणी तुटण्याच्या घटना २० ते ४० घडतात. एकेरी तुटीची पेशीला फारशी चिंता नसते. समोरचा अखंड धागा नमुन्यासारखा वापरून ती काही मिनिटांत दुरुस्ती करते. दोन्ही धागे तुटले म्हणजे नमुनाच नाहीसा होतो. मग तुटलेली टोके घाईने जोडली जातात, कधी चुकीच्या टोकाशीही जोडली जातात, आणि त्यातून विकृत गुणसूत्रे निर्माण होतात. पेशीचे भवितव्य या थोड्याशा दुहेरी तुटींवर ठरते.

'मरण' म्हणजे काय :

किरणोपचारात पेशीचे मरण ही संकल्पना व्यवहारातील मरणापेक्षा वेगळी आहे. प्रारण मिळाल्यानंतर बहुतेक पेशी लगेच मरत नाहीत. त्या श्वसन करतात, प्रथिने बनवतात, कित्येकदा एक-दोन वेळा विभागतातही. विभाजनाच्या वेळी मात्र विकृत गुणसूत्रांची वाटणी नीट होऊ शकत नाही आणि तेथे पेशीचा अंत होतो. काही पेशी स्वतःहून नियोजित मृत्यू पत्करतात, तर काही कायमच्या वंध्य होऊन नुसत्या पडून राहतात. पडून राहिलेली पेशी रोगाच्या दृष्टीने मेल्यातच जमा असते, कारण गाठीचा धोका तिच्या अमर्याद वाढीत असतो. म्हणून या शास्त्रात टिकाव म्हणजे केवळ जिवंत असणे नव्हे, तर वंश चालविण्याची क्षमता टिकून राहणे होय. किरणोपचार संपल्यावरही गाठ काही आठवडे हाताला लागते, याचा उलगडा यातूनच होतो. 'शेक घेऊनही गाठ गेली नाही' म्हणून हताश होणाऱ्या कुटुंबांना हे कोणी तरी सांगावयास हवे.

ही व्याख्या मोजमापात आणण्याचे श्रेय थिओडोर पक व फिलिप मार्कस या अमेरिकी संशोधकांना जाते. १९५६ मध्ये त्यांनी मानवी पेशींवर प्रारणाच्या वेगवेगळ्या मात्रा देऊन किती पेशींपासून वसाहती तयार होतात हे मोजले आणि टिकावाचा पहिला आलेख मांडला. एका पेशीपासून किमान ५० पेशींची वसाहत झाली तर ती पेशी टिकली, असे मानण्याचा प्रघात पुढे रूढ झाला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की त्यांनी वापरलेल्या 'हेला' पेशी हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय अमेरिकी स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून १९५१ मध्ये, तिच्या संमतीविना घेतलेल्या होत्या. प्रारण व पेशींचा टिकाव यांचे गणित प्रथम ज्या रोगाच्या पेशींवर बसविले गेले, तोच रोग आज आपल्या ग्रामीण भागातील स्त्रियांना किरणोपचार केंद्रापर्यंत आणतो.

टिकावाचे गणित :

आलेखाचा आकार पाहिला तर आरंभी तो हळू उतरतो व मात्रा वाढेल तसा अधिक वेगाने खाली वळतो. यास पेशी-आलेखाचा 'खांदा' म्हणतात. हा खांदा पुढे दोन घटकांच्या साहाय्याने समजावला गेला. पहिला घटक मात्रेच्या प्रमाणात वाढतो. त्यास अल्फा म्हणतात आणि ती दुरुस्त न होणारी हानी होय. दुसरा घटक मात्रेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यास बीटा म्हणतात. लहान मात्रेत तो नगण्य असतो, कारण सुटी-सुटी हानी पेशी दुरुस्त करू शकते. मोठी मात्रा एकदम दिली म्हणजे मात्र हानीच्या जागा एकमेकींत गुंततात.

हिशेबासाठी अल्फा ०.३ आणि बीटा ०.०३ घेतल्यास २ ग्रे मात्रेनंतर सुमारे ४९ टक्के पेशी टिकतात. म्हणजे रोजच्या एका उपचाराने साधारण निम्म्याच पेशींची वंशक्षमता नष्ट होते. ही गोष्ट निराशाजनक वाटेल, परंतु ती रोज घडते. निम्म्याचे निम्मे होत होत ३० दिवसांनंतर टिकावाचे प्रमाण एक अब्जांशाच्या निम्म्यापेक्षाही कमी होते. एक घन सेंटिमीटर गाठीत ढोबळमानाने एक अब्ज पेशी असतात. त्या सर्वच वंशक्षम मानल्या, तर ३० उपचारांनंतर सरासरी ०.४२ पेशी शिल्लक राहते. ०.४२ पेशी याचा अर्थ काय? अशा शंभर रुग्णांपैकी सुमारे ६६ जणींच्या गाठीत एकही पेशी उरत नाही आणि त्या बऱ्या होतात. उरलेल्या ३४ जणींच्या गाठीत एखाद-दुसरी पेशी वाचते, आणि पुनरुद्भवास ती पुरेशी असते. त्याच हिशेबाने ३२ उपचार दिले तर बऱ्या होणाऱ्यांचे प्रमाण ९० टक्क्यांवर जाते, आणि २५ वरच थांबले तर ते जवळजवळ शून्य असते. शेवटच्या आठवड्यातील उपचार 'उरलेसुरले' नसतात, हे या आकड्यांवरून स्पष्ट व्हावे. आदल्या सर्व उपचारांनी गाठ आक्रसलेली असते, वेदना व रक्तस्राव थांबलेला असतो, रुग्णाला बरे वाटत असते, आणि नेमक्या याच वेळी निकाल लागावयाचा असतो.

याच सूत्रात गाठीच्या आकारालाही स्थान आहे. एक सेंटिमीटर व्यासाच्या गाठीपेक्षा चार सेंटिमीटर व्यासाची गाठ घनफळाने ६४ पट मोठी असते. या ६४ पटींची भरपाई करण्यासाठीच वरील हिशेबाने जवळजवळ सहा अधिक उपचार लागतील. लवकर निदानाचे महत्त्व यापेक्षा नेमक्या शब्दांत सांगता येणार नाही. टाटा स्मारक रुग्णालय, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय व लिऑन येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांचा समावेश असलेली चाचणी घेतली. पॅपिलोमा विषाणूची एकदाच केलेली तपासणी या रोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणते, असा तिचा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला.

मात्रा विभागून का द्यावयाची :

एकूण मात्रा एकदम देऊन मोकळे का होऊ नये, हा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. १९२० च्या दशकात पॅरिस येथे क्लॉद रेगो यांनी मेंढ्यांवर केलेल्या प्रयोगात त्याचे उत्तर मिळाले. मेंढ्याचे वृषण एकाच मात्रेने वंध्य करू पाहिल्यास कातडीस गंभीर इजा होई. तीच मात्रा अनेक दिवसांत विभागली असता वंध्यत्व येई व कातडी वाचे. वृषणातील झपाट्याने विभागणाऱ्या पेशी येथे गाठीच्या जागी, तर कातडी निरोगी ऊतीच्या जागी मानली गेली.

वरील सूत्राने हे पडताळून पाहता येते. गाठीच्या पेशींना १० ग्रे एकदम दिले तर ०.२५ टक्के टिकतात. रोज २ ग्रे याप्रमाणे पाच दिवसांत दिले तर २.७ टक्के टिकतात, म्हणजे ११ पट अधिक. गाठीचा येथे फायदाच झाला असे दिसते. पण आतडे, मूत्राशय यांसारख्या अवयवांत उशिरा दिसणाऱ्या हानीस कारण होणाऱ्या पेशींचा बीटा घटक तुलनेने मोठा असतो. त्यांच्यासाठी अल्फा ०.१५ व बीटा ०.०५ घेतल्यास एकदम १० ग्रेने ०.१५ टक्के, तर विभागलेल्या मात्रेने ८.२ टक्के पेशी टिकतात, म्हणजे सुमारे ५५ पट अधिक. विभागणीत दोघांनाही सवलत मिळते. निरोगी ऊतीस ती पाचपट अधिक मिळते, आणि हीच फट किरणोपचाराचा आधार आहे.

विभागणीचे आणखीही लाभ आहेत. पेशी विभाजनाच्या उंबरठ्यावर असताना सर्वांत नाजूक असते, तर डीएनएची प्रत तयार होत असतानाच्या उत्तरार्धात सर्वांत चिवट असते. आज चिवट अवस्थेत असलेली पेशी उद्या नाजूक अवस्थेत सापडण्याची संधी रोजच्या उपचारामुळे मिळते.

प्राणवायू आणि रक्तक्षय :

याहून महत्त्वाचा मुद्दा प्राणवायूचा आहे. मूलकांनी केलेली हानी प्राणवायूच्या उपस्थितीत पक्की होते. तो नसेल तर पेशीतील रसायने ती हानी भरून काढतात. म्हणून प्राणवायूविना असलेल्या पेशीस मारण्यासाठी अडीच ते तीन पट मात्रा लागते. थॉमलिन्सन व ग्रे यांनी १९५५ मध्ये दाखविले की रक्तवाहिनीपासून मिलिमीटरच्या पाचव्या भागापेक्षाही कमी अंतरावर प्राणवायू संपतो. त्यापलीकडे पेशी मेलेल्या असतात. परंतु सीमेवर अर्धपोटी पेशींचा एक पट्टा असतो, जो जिवंतही असतो आणि प्रारणास दादही देत नाही. रोजच्या उपचाराने वाहिनीलगतच्या पेशी नाहीशा होत जातात, तसतसा या पट्ट्यास प्राणवायू मिळू लागतो व तोही प्रारणाच्या टप्प्यात येतो.

आपल्या भागाच्या दृष्टीने याचा अर्थ गंभीर आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आहेत. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात त्यात रक्तस्रावाची भर पडते. हिमोग्लोबिन कमी असलेल्या रुग्णांत किरणोपचाराचे फलित उणे राहते, हे अनेक अभ्यासांत आढळले आहे. तो केवळ प्राणवायूचाच परिणाम आहे की मोठ्या, जुन्या गाठीचीही ती खूण आहे, याविषयी मतभेद आहेत. तथापि उपचारापूर्वी रक्त भरणे ही औपचारिकता नव्हे, एवढे निश्चित.

परळच्या टाटा स्मारक रुग्णालयातील चाचणी :

१९४१ मध्ये सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे आले. रुग्णालय अणुऊर्जेकडे का, असे अनेकांना वाटते. किरणोपचाराचे स्थान पाहता ही व्यवस्था दूरदृष्टीचीच म्हणावी लागेल. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने पुढे 'भाभाट्रॉन' हे कोबाल्ट-६० वर चालणारे देशी यंत्र विकसित केले, ते याच परंपरेचे फळ. कोबाल्टचा अर्धायुकाल ५.२७ वर्षे असल्याने त्याचे प्रारण दर महिन्यास सुमारे एक टक्का क्षीण होते, आणि तेवढा रोजच्या उपचाराचा वेळ वाढवावा लागतो. महागड्या रेषीय त्वरकाच्या तुलनेत हे यंत्र जुन्या वळणाचे असले, तरी विजेचा लपंडाव असलेल्या भागात ते अधिक भरवशाचे ठरते.

१९९९ च्या सुमारास पाश्चात्त्य चाचण्यांतून असे दिसून आले की किरणोपचारासोबत सिस्प्लॅटिन हे औषध दिल्यास गर्भाशयमुखाच्या कर्करोगात अधिक स्त्रिया वाचतात. सिस्प्लॅटिन डीएनएस चिकटून त्याच्या दुरुस्तीत अडथळा आणते. प्रारणाने केलेली तूट त्यामुळे उघडीच राहते. परंतु भारतातील रुग्ण कुपोषित, रक्तक्षयी आणि पुढच्या अवस्थेत आलेल्या असतात, कित्येकींच्या मूत्रपिंडांवरही ताण आलेला असतो, आणि हे औषध मूत्रपिंडास घातक आहे. तेथील निष्कर्ष येथे जसेच्या तसे उचलणे योग्य नव्हते. टाटा रुग्णालयाने २००३ ते २०११ या काळात तिसऱ्या अवस्थेच्या 'ब' गटातील ८५० स्त्रियांवर ही चाचणी घेतली, व तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. केवळ किरणोपचार घेतलेल्यांपैकी ४६ टक्के, तर आठवड्यास एकदा सिस्प्लॅटिनही घेतलेल्यांपैकी ५४ टक्के स्त्रिया पाच वर्षांनंतर हयात होत्या. दर शंभरात आठ अधिक स्त्रिया वाचल्या. इतक्या पुढच्या अवस्थेतही नुसत्या किरणोपचाराने शंभरातील ४६ जणी पाच वर्षे जगल्या, हा आकडाही तितकाच बोलका आहे. 'कॅन्सर झाला म्हणजे संपले' या समजुतीस तो परस्पर उत्तर देतो.

निरोगी पेशींच्या टिकावाची बाजूही येथेच तपासली गेली. शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार लागणाऱ्या ३०० स्त्रियांच्या चाचणीत, दररोज प्रतिमा पाहून किरणांची तीव्रता आकारानुसार बदलण्याच्या तंत्राने आतड्याचा दीर्घकालीन त्रास तीन वर्षांत ४२.४ टक्क्यांवरून २१.१ टक्क्यांवर आला.

खंडित उपचार :

आता मूळ प्रश्नाकडे वळावयास हरकत नाही. प्रारणातून वाचलेल्या पेशी स्वस्थ बसत नाहीत. गाठ आक्रसू लागली की उरलेल्या पेशींना प्राणवायू व पोषण अधिक मिळते, आणि त्यांचे विभाजन पूर्वीपेक्षा वेगाने होऊ लागते. डोके व मानेच्या कर्करोगात साधारण चौथ्या आठवड्यानंतर ही वाढ वेग घेते, आणि तिला तोंड देण्यातच दररोज सुमारे ०.६ ग्रे मात्रा खर्ची पडते, असे विदर्स व सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दाखवून दिले. गर्भाशयमुखाच्या बाबतीत बाहेरून द्यावयाचे किरण व आतून द्यावयाचा किरणस्रोत हे दोन्ही मिळून आठ आठवड्यांत संपवावेत, असा दंडक आहे. त्यापुढील प्रत्येक दिवसागणिक रोगनियंत्रणाचे प्रमाण सुमारे एक टक्क्यापर्यंत घटते.

आपल्या हिशेबात हे बसवून पाहू. पेशी दर पाच दिवसांनी दुप्पट होतात असे धरले, तर १४ दिवसांच्या खंडात त्या सुमारे सात पट होतील. सरासरी ०.४२ च्या जागी २.९ पेशी उरतील, आणि बरे होण्याची शक्यता ६६ टक्क्यांवरून ५ ते ६ टक्क्यांवर येईल. प्रत्यक्षातील घट इतकी तीव्र दिसत नाही, कारण रुग्णारुग्णांच्या गाठी सारख्या नसतात. काहींच्या एवढ्या संवेदनशील असतात की खंडानेही बिघडत नाही, काहींच्या मुळातच दाद न देणाऱ्या असतात, आणि सरासरी काढताना उतार सौम्य होतो. ज्या स्त्रीचा निकाल काठावर असतो तिच्यासाठी मात्र तो सौम्य नसतो.

खंड का पडतो, याची कारणे पेशींत नसून गावात आहेत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे १९६८ मध्ये कर्करोगाने निधन झाले. नागपूरच्या प्रादेशिक कर्करोग रुग्णालयास त्यांचे नाव आहे. अकोला, अमरावती, सेवाग्राम व नागपूर येथे आज किरणोपचाराची सोय असली, तरी मोर्शी, मेळघाट वा बाळापूरकडील बाईस दीड-दोन महिने आठवड्यातून पाच दिवस तेथे हजर राहावे लागते. महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेतून उपचाराचा खर्च निघतो, पण बुडालेली मजुरी निघत नाही. मृगाची पेरणी, कापसाची वेचणी, घरातले लग्न, सोबत येणाऱ्या माणसाची अडचण या निमित्तांनी ती गावी जाते. जुलाब वा पांढऱ्या पेशी घटल्यामुळे डॉक्टरांनीच काही दिवस थांबविले असेल, तर परतण्याचे लांबणीवर पडते. यंत्र बंद पडल्यासही हेच होते.

खंड पडलाच तर तो भरून काढण्याचे मार्ग आहेत. सर्वांत चांगला मार्ग म्हणजे मूळ तारखेसच उपचार संपविणे. त्यासाठी शनिवार-रविवारी उपचार देता येतो, अथवा एकाच दिवशी दोन मात्रा देता येतात. दोन मात्रांत किमान सहा तासांचे अंतर ठेवावे लागते, कारण निरोगी ऊतीतील डीएनएच्या दुरुस्तीस तेवढा अवधी हवा असतो. दैनिक मात्रा वाढवून दिवस वाचविणे हा दुसरा मार्ग. त्यात बीटा घटकामुळे आतडे व मूत्राशयास अधिक झळ पोहोचते. अखेरीस दिवस जोडत जाणे हा सर्वांत कमकुवत उपाय होय, कारण वाढीव मात्रेचा बराच भाग दरम्यान वाढलेल्या पेशींवरच खर्च होतो. यांपैकी कोणताही मार्ग वापरावयाचा तर रुग्ण दोन दिवस आली नाही हे तिसऱ्या दिवशी कळावे लागते. ज्या केंद्रात गैरहजेरीची नोंद पाहून त्याच दिवशी गावातील आशा कार्यकर्तीस फोन केला जातो, तेथे हा हिशेब सावरता येतो.